गाडीत गाणी ऐकायला वायर बरी की ब्लूटूथ? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर आणि आसपासच्या गाडीमालकांकडून स्टीरिओबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. स्टीरिओ कंपनीतून आलेला असो किंवा बाहेरून बसवलेला, बहुतेक गोष्टी दोन्हींना लागू पडतात.

वायर लावली की आवाज चांगलाच येतो, हे खरं का?

वायर कोणती, यावर ते ठरतं. फोन आणि स्टीरिओच्या मध्ये दोन अगदी वेगळ्या जातीच्या वायरी असू शकतात आणि बोलताना दोन्हींना आपण नुसतं ‘वायर’ म्हणतो. घोटाळा तिथेच होतो.

यूएसबी वायरीतून गाणं आकड्यांच्या रूपात जातं. त्या आकड्यांचा आवाज करायचं काम स्टीरिओतला डीएसी करतो. वाटेत गाडीच्या विजेचा गोंगाट त्यात मिसळत नाही. ऑक्स वायरीतून, म्हणजे हेडफोनसारख्या गोल पिनेच्या वायरीतून, मात्र फोननं आधीच तयार केलेला आवाज विजेच्या बारीक लहरी होऊन जातो. फोनच्या जॅकचा दर्जा, पिन नीट बसली आहे की नाही, शेजारी चार्जर लावला आहे का, हे सगळं त्या आवाजात ऐकू येतं.

आमचा क्रम असा आहे. पेनड्राइव्ह आणि यूएसबी वायरीवरचं अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले (फोनमधले नकाशे, गाणी गाडीच्या स्क्रीनवर आणणारी सोय; पहिली अँड्रॉइडची, दुसरी आयफोनची) सगळ्यात वर. त्याच्या अगदी जवळ वायरलेस अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले. मग चांगल्या कोडेकचं (कोडेक म्हणजे काय ते पुढच्या उत्तरात) ब्लूटूथ आणि खरखर नसलेलं ऑक्स, दोन्ही साधारण एकाच पायरीवर. एफएम ट्रान्समीटर, म्हणजे फोनचं गाणं रेडिओच्या लहरींवरून गाडीच्या रेडिओला पाठवणारी डबी, सगळ्यात खाली. शिट्टी मारणाऱ्या ऑक्सपेक्षा साधं ब्लूटूथ कितीतरी बरं.

ब्लूटूथवर नेमकं काय कमी होतं?

ब्लूटूथची वाट अरुंद आहे, म्हणून फोन गाणं दाबून लहान करतो आणि स्टीरिओ ते परत उलगडतो. ही दाबायची पद्धत म्हणजे कोडेक. सीडीवरचं गाणं सेकंदाला १,४११ किलोबिट इतकं असतं. एसबीसी कोडेक, जो गाणी वाजवणाऱ्या प्रत्येक ब्लूटूथ स्टीरिओत असावाच लागतो, ते साधारण ३२८ पर्यंत खाली आणतो. काही जुने कंपनी स्टीरिओ तर २२९ वरच थांबतात. आयफोनचा एएसी २५६ च्या आसपास चालतो, पण तो दाबतो हुशारीनं, त्यामुळे आकडा कमी असूनही कानाला एसबीसीच्या बरोबरीचा किंवा सरस वाटतो. अॅपटीएक्स ३५२ वर, अॅपटीएक्स एचडी ५७६ वर आणि सोनीचा एलडॅक ३३०, ६६० किंवा ९९० वर चालतो.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. तुमची एमपी३ फाइल आधीच एकदा दाबलेली असते. फोन ती उलगडतो, ब्लूटूथसाठी पुन्हा दाबतो, मग स्टीरिओ उलगडतो. मूळ फाइल सेकंदाला ३२० किलोबिटची असेल तर ही दुसरी दाबणी सहन होते. १२८ ची, कुणीतरी व्हॉट्सअॅपवर पाठवलेली असेल, तर टाळ, मंजिरा, टाळ्यांचा कडकडाट असे वरच्या पट्टीतले आवाज पाण्यात बुडाल्यासारखे येतात.

माझा फोन कोणता कोडेक वापरतोय, ते कसं बघायचं?

आयफोनला फक्त एसबीसी आणि एएसी येतात. तिथे बदलण्यासारखं काही नाही. स्टीरिओत एएसी असेल तर आयफोन आपणहून तोच घेतो.

अँड्रॉइडमध्ये सेटिंग उघडा, ‘फोनविषयी’मध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करा, म्हणजे डेव्हलपर ऑप्शन्स दिसू लागतात. त्यात ब्लूटूथ ऑडिओ कोडेक शोधा. फोन स्टीरिओला जोडलेला असताना आणि गाणं चालू असतानाच बघा, एरवी तिथे दिसणारं नाव खरं नसतं. एलडॅक निवडूनही परत एसबीसीवर येत असेल तर तुमच्या स्टीरिओत एलडॅक नाही. कोडेक दोन्हीकडे असावा लागतो. बाहेरून बसवायच्या सोनी आणि केनवूडच्या काही मॉडेलांत तो मिळतो, कंपनीतून आलेल्या स्टीरिओत क्वचितच.

वायरलेस अँड्रॉइड ऑटो म्हणजे ब्लूटूथच ना?

नाही. जोडणी सुरू करून द्यायला ब्लूटूथ लागतं, त्यानंतर नकाशा आणि गाणी वायफायवरून जातात. ही वाट रुंद आहे, त्यामुळे वर सांगितलेल्या कोडेकांची अडचण इथे येत नाही. कारप्लेचंही तसंच. ज्यांच्या गाडीत ही सोय आहे आणि तरीही जे स्क्रीनवर जाऊन ब्लूटूथ ऑडिओ निवडतात, ते चांगली वाट सोडून अरुंद बोळात शिरतात. वायरलेसवर फक्त फोन तापतो आणि त्याची बॅटरी भराभर उतरते. पुण्याला किंवा बेळगावला जायचं असेल तर वायरच लावा.

ऑक्स लावून फोन चार्जिंगला लावला की शिट्टीसारखा आवाज येतो. स्टीरिओ बिघडलाय का?

बहुतेक वेळा स्टीरिओ, फोन आणि वायर तिन्ही ठीक असतात. दोष अर्थिंगच्या फेऱ्यात असतो, आणि या एका तक्रारीपायी लोक चांगला स्टीरिओ काढून नवा बसवतात, म्हणून हे उत्तर जरा सविस्तर देतो.

गाडीत अर्थ म्हणजे गाडीची बॉडी. स्टीरिओची अर्थ एका जागी बॉडीला जोडलेली असते आणि चार्जरच्या सॉकेटची दुसऱ्या जागी. फोन एकाच वेळी चार्जरला आणि ऑक्सला लावला की या दोन जागांमध्ये, फोनमधून जाणारी आणखी एक वाट तयार होते. दोन्ही जागांच्या व्होल्टेजमध्ये किंचित फरक असतो, आणि अल्टरनेटरचा (इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राचा) गोंगाट त्या फरकासोबत ऑक्सच्या अर्थ तारेतून वाहू लागतो. स्टीरिओ त्यालाही गाणंच समजून मोठा करतो. अॅक्सिलेटर दाबला की शिट्टीचा सूर चढतो आणि सोडला की उतरतो, ही त्याची खूण.

तपासायचं असं. इंजिन चालू ठेवा, ऑक्स लावा, गाणं बंद ठेवा आणि स्टीरिओचा आवाज नेहमीपेक्षा थोडा वाढवा. आता चार्जर काढा. शिट्टी गेली तर फेराच आहे. खात्रीसाठी फोन पॉवर बँकेवर चार्ज करून बघा. पॉवर बँकेचा बॉडीशी संबंध नसतो, त्यामुळे शिट्टी यायला नको. चार्जर काढूनही आवाज राहिला तर ऑक्सची पिन स्टीरिओतून उपसा. तरीही शिट्टी चालूच असेल तर दोष स्टीरिओच्या स्वतःच्या अर्थमध्ये किंवा अॅम्पच्या (आवाज वाढवणाऱ्या वेगळ्या डब्याच्या) वायरिंगमध्ये आहे आणि तिथे मेकॅनिकच लागेल. सूर न बदलणारी बारीक घरघर किंवा टिकटिक येत असेल तर संशय स्वस्त चार्जरवर घ्या. आधी दुसऱ्याचा चार्जर मागून लावून बघा.

उपाय दोन आहेत. ऑक्सच्या मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी लावा. आत दोन बारीक ट्रान्सफॉर्मर असतात, आवाज चुंबकाच्या मार्गानं पलीकडे जातो आणि तारेचा थेट संबंध तुटतो. शिट्टी तिथल्या तिथे बंद होते. मात्र हलक्या डबीत ट्रान्सफॉर्मर फार लहान असतात आणि खोल बेस पातळ होतो. सबवूफर असेल तर हे लगेच जाणवतं. दुसरा आणि आमच्या मते खरा उपाय म्हणजे ऑक्स सोडून यूएसबी वापरणं. चार्जिंग आणि गाणं एकाच वायरीतून होतं आणि फेऱ्याचा आवाजात शिरकाव होत नाही.

ऑक्सवर वाद्यं ऐकू येतात, पण गायक गायब! असं कसं?

पिन पूर्ण आत गेलेली नाही. ऑक्सच्या पिनेवर डावा, उजवा आणि अर्थ असे भाग असतात. अर्थ सुटली की दोन्ही बाजूंचे आवाज एकमेकांतून वजा होतात. गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखाच असतो, म्हणून नेमका तोच जातो आणि मागे उरतो पोकळ, गुहेतल्यासारखा घुमणारा ताफा. फोनचं जाड कव्हर काढून पिन ‘टक’ होईपर्यंत दाबा. जॅकमध्ये खिशातली धूळ आणि कापसाचे तंतू साचलेले असतील तर फोन बंद करून लाकडी टूथपिकनं हलकेच काढा. सुई घालू नका. कॅमेऱ्याबरोबर आलेली चार भागांची एव्ही केबल ऑक्स म्हणून लावली तरी गोंधळ होतो, कारण तिच्यातल्या तारांचा क्रम वेगळा असतो.

फोनला जॅक नाही. टाइप-सीचं डोंगल घेतलं, पण काहीच वाजत नाही.

डोंगल दोन प्रकारची मिळतात आणि दिसायला सारखीच असतात. एकात स्वतःचा डीएसी असतो. दुसरं नुसती वायर असते आणि फोननं टाइप-सीमधून तयार आवाज द्यावा, अशी अपेक्षा करतं. बरेच फोन तो देत नाहीत. लक्ष्मीपुरीत घ्या की ऑनलाइन मागवा, पाकिटावर डीएसी असल्याचं लिहिलेलं बघा आणि दुकानातच स्वतःच्या फोनला लावून घ्या.

ब्लूटूथवर गाणं फोनवर बोलल्यासारखं, एका भोकातून आल्यासारखं येतं.

स्टीरिओ कॉलच्या मार्गावर अडकला आहे. ब्लूटूथमध्ये कॉलसाठी एक मार्ग आणि गाण्यांसाठी दुसरा असतो. कॉलच्या मार्गावर आवाज एकेरी असतो आणि त्याची पट्टी माणसाच्या बोलण्यापुरतीच ठेवलेली असते. फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये स्टीरिओच्या नावापुढचं चिन्ह उघडा आणि ‘मीडिया ऑडिओ’ चालू आहे का बघा. असूनही तसंच वाजत असेल तर फोनमधून स्टीरिओ आणि स्टीरिओमधून फोन, दोन्हीकडची नोंद पुसून नव्यानं जोडा. एकाच बाजूची पुसली तर जुनी गडबड परत येते.

पेनड्राइव्हवरची गाणी स्टीरिओ वाचतच नाही, किंवा अर्धीच वाचतो.

बहुतेक वेळा कारण फॉरमॅटचं, म्हणजे पेनड्राइव्हवर फाइली मांडायच्या पद्धतीचं असतं. ६४ जीबी आणि त्यावरचे पेनड्राइव्ह दुकानातून एक्सफॅटमध्ये येतात. बऱ्याच कंपनी स्टीरिओंना फक्त फॅट३२ कळतं. एनटीएफएस तर जवळपास कुणालाच नाही. म्हणून ३२ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या आणि संगणकावर फॅट३२ निवडून फॉरमॅट करा. ३२० ची एमपी३ गाणी तासाला १४४ एमबी घेतात, म्हणजे ३२ जीबीत दोनशे तासांहून जास्त गाणी बसतात. पुरे झाली.

क्रम बिघडतो अशीही तक्रार असते. अनेक स्टीरिओ नावाच्या क्रमानं न वाजवता, गाणी ज्या क्रमानं कॉपी झाली त्याच क्रमानं वाजवतात. नावापुढे ०१, ०२ घाला, पेनड्राइव्ह रिकामा करा आणि सगळं एका दमात कॉपी करा. मराठी नावांच्या जागी चौकोन दिसत असतील तर स्टीरिओत देवनागरी फॉन्ट नाही. गाणं वाजेल, नाव मात्र रोमन अक्षरांत लिहावं लागेल. मॅकवरून भरलेल्या पेनड्राइव्हवर न दिसणाऱ्या फाइलीही चढतात आणि स्टीरिओ प्रत्येकीवर एक क्षण अडखळतो.

फ्लॅक फाइल (आवाज न गमावता लहान केलेली) वाजते का, ते स्टीरिओच्या पुस्तिकेत बघा. वाजत असेल तर सीडीइतकाच आवाज मिळतो, जागा साधारण निम्मी लागते. एक कळकळीची विनंती: १२८ चं गाणं संगणकावर ३२० किंवा फ्लॅक करू नका. फाइल फुगते, गेलेला आवाज परत येत नाही.

एफएम ट्रान्समीटर घ्यावा का?

जुन्या गाडीच्या टेपला ऑक्स आणि यूएसबी दोन्ही नसतील तरच. एफएममध्ये १५ किलोहर्ट्झच्या वरचं काही जातच नाही, शिवाय स्टेशनांची दाटी असते. कोल्हापुरात ९४.३ वर टोमॅटो, ९८.३ वर मिर्ची आणि १०२.७ वर आकाशवाणी आहे, हे आणि यांच्या लगतचे आकडे टाळा. रेडिओ सावकाश फिरवत जा आणि जिथे नुसती सपाट ‘सुंऽऽ’ येते तो आकडा ट्रान्समीटरवर लावा. इथे मोकळा असलेला आकडा कऱ्हाडच्या किंवा रत्नागिरीच्या बाजूला मोकळा असेलच असं नाही.

गगनबावडा, राधानगरीकडे निघालं की आवाजाचा दर्जाच उतरतो.

ब्लूटूथचा इथे काही दोष नाही. स्पॉटिफायसारख्या अॅपमध्ये दर्जा ‘ऑटोमॅटिक’ वर असतो. नेटवर्क पडलं की अॅप गुपचूप हलक्या दर्जाचं गाणं पाठवतं आणि करूळ घाटात किंवा दाजीपूरच्या जंगलात शिरल्यावर तेही थांबतं. निघण्याआधी घरच्या वायफायवर गाणी डाउनलोड करा. डाउनलोडचा दर्जा वेगळ्या ओळीत निवडावा लागतो, तो सगळ्यात वरचा ठेवा. लोक वाजवायचा दर्जा वाढवतात आणि ही ओळ विसरतात.

फोनचा आवाज किती, स्टीरिओचा किती?

ब्लूटूथवर फोन पूर्ण शंभर टक्के, मग कमी-जास्त स्टीरिओवर. फोन अर्ध्यावर आणि स्टीरिओ टोकावर ठेवला तर आवाज अशक्त येतो आणि मागची ‘सुंऽऽ’ वर येते.

ऑक्सवर फोन ८० ते ८५ टक्के. शंभरावर काही फोनचा आवाज फाटतो, आणि तो एकदा फाटला की स्टीरिओ काहीही करून जोडू शकत नाही. फोन ५० वर ठेवला तर शिट्टी आणि खरखर गाण्याच्या तुलनेत मोठी होते. फोनमधला इक्वलायझर बंद ठेवा. फोनमध्ये बेस वाढवलेला, स्टीरिओत पुन्हा बेस आणि वर लाउडनेस चालू, असं तिहेरी झालं की दारातला स्पीकर थरथरतो आणि सगळे म्हणतात ब्लूटूथ खराब आहे.

गणपतीच्या मिरवणुकीतल्या स्पीकरांच्या भिंतीला आपण ‘डॉल्बी’ म्हणतो, त्यामुळे मोठा आवाज म्हणजे चांगला आवाज ही समजूत आपल्याकडे मुरली आहे. गाडीच्या बंद डब्यात तिचा कानाला त्रासच होतो.

हा फरक आपल्या कानाला खरंच कळतो का?

उभ्या गाडीत कळतो. महामार्गावर ऐंशीच्या वेगात, टायर आणि वाऱ्याच्या गोंगाटात, ३२० चं एमपी३ आणि फ्लॅक ओळखणं फार अवघड. एसबीसी आणि यूएसबी यांतला फरकही बराचसा बुजतो. शिट्टी, फाटलेला आवाज आणि १२८ च्या फाइली मात्र शिरोलीच्या नाक्यावरही ऐकू येतात. आधी त्यांचा बंदोबस्त करा.

स्वतः तपासायचं असेल तर गाडी शांत जागी लावा, इंजिन आणि एसी बंद, काचा वर. एकच गाणं पेनड्राइव्हवर आणि फोनवर एकाच फाइलमधून घ्या. दोन्हींचा आवाज सारखा करा, कारण जे किंचित मोठं वाजतं ते कानाला चांगलं वाटतं आणि तुलना तिथेच फसते. बदलायचं काम दुसऱ्याकडे द्या, तुम्ही डोळे मिटून ऐका. तानपुऱ्याची जवारी, टाळांची किणकिण, हलगीचा कडक ठोका विरताना काय होतं, तिथे लक्ष ठेवा. तानपुरा वायरीवर अखंड झंकारत राहतो. वाईट एसबीसीवर त्याची किनार भुसभुशीत होते. दहा-पंधरा मिनिटांत हे आटपतं, बॅटरीला धोका नाही.

जुनी ध्वनिमुद्रणं या चाचणीला घेऊ नका. अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकरांच्या तबकड्यांवर वरच्या पट्टीतलं फारसं काही मुळातच नाही. त्या ब्लूटूथवर आणि वायरीवर जवळपास सारख्याच लागतात. अल्लादियाखाँसाहेबांच्या घराण्याचं गाणं ऐकणाऱ्यांनी कोडेकची चिंता सोडून तबकडीवरून नीट उतरवून घेतलेली प्रत मिळवावी.

अॅम्प बसवलाय आणि सगळ्याच सोर्सवर घरघर आहे.

मग वायर की ब्लूटूथ हा प्रश्नच उरत नाही, बसवणी तपासा. बॅटरीकडून येणारी पॉवर केबल गाडीच्या एका बाजूनं आणि आरसीए केबल (स्टीरिओतून अॅम्पकडे गाणं नेणारी) दुसऱ्या बाजूनं न्यावी. एकमेकींना ओलांडायचंच असेल तर काटकोनात. अॅम्पची अर्थ वायर पॉवर केबलइतकीच जाड आणि अर्ध्या मीटरपेक्षा लांब नको. तिच्याखालचा रंग खरवडून उघड्या पत्र्यावर बोल्ट घट्ट आवळलेला हवा. आपल्याकडच्या पावसात खरवडलेला पत्रा एका हंगामात गंजतो, म्हणून बोल्ट आवळल्यावर वरून ग्रीस किंवा रंग लावून घ्या. मागच्या उन्हाळ्यात शांत असलेला अॅम्प दिवाळीला घरघरू लागला, तर पहिल्यांदा हाच बोल्ट उघडून बघा. बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज आहे का, तेही बघा. तो आवाजासाठी नाही, गाडीला आग लागू नये म्हणून असतो.

थोडेच पैसे आहेत. सोन्याचा मुलामा दिलेली वायर घेऊ का?

नको. यूएसबीची वायर डेटा जाणारी आणि एक मीटरच्या आतली असली की झालं. नुसत्या चार्जिंगच्या वायरी स्वस्त मिळतात, त्यांच्यावर अँड्रॉइड ऑटो सुरूच होत नाही. ऑक्सची वायर जरा जाड आणि पिनेपाशी न वाकणारी घ्या. उरलेले पैसे पुढच्या दोन दारांत ब्यूटाइलचे डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर शोषणारे रबरी पत्रे) लावायला आणि जमलं तर पुढचे दोन स्पीकर बदलायला ठेवा. शीट चिकटवण्याआधी दाराचा पत्रा थिनरनं पुसून कोरडा करून घ्या, आणि दाराच्या तळाशी पाणी निघून जायची भोकं असतात ती मोकळी ठेवा. ती बुजली तर पहिल्याच पावसात दारात पाणी साचतं आणि नव्या स्पीकरचा कागद भिजतो.